शेलला बेरीज येते, पाइपमागे तेवढी बसवू नका

गणपतीत आमच्या इंदूरच्या ग्रुपवर शेल स्क्रिप्टबद्दल, म्हणजे ओळीने कमांड चालवणाऱ्या फाइलबद्दल, एक मेसेज फिरत होता: 'शेल स्क्रिप्टमध्ये नावावार दर ठेवता येत नाहीत, स्ट्रिंग नीट तोडता येत नाही, बेरीज तर चुकतेच. सरळ पायथन शिका.' पुराव्याला स्क्रीनशॉट, त्यात एकूण रक्कम 0.

नावावार दर बॅश नावाच्या शेलमध्ये 4.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2009 पासून, ठेवता येतात. 'डिक्लेअर' कमांडला कॅपिटल 'ए'चा ऑप्शन लावा, झालं. मॅकवर अजून बॅश 3.2 येतं, तिथे हा ऑप्शन चालत नाही. ओरड बहुधा तिथलीच. आणि ऑकला, म्हणजे मजकुरावर काम करणाऱ्या छोट्या भाषेला, तर हे 1977 पासून येतं. पायथन 1991 चं!

तोडणं त्याहून सोपं. मंडळाच्या स्टॉलची ऑर्डर घ्या: 'पोहे,पोहे,जिलबी,चहा'. कुठे तोडायचं ते सांगणाऱ्या आयएफएस व्हेरिएबलमध्ये स्वल्पविराम, ओळ वाचणाऱ्या 'रीड' कमांडला छोटा 'ए', हातात चार तुकडे. फक्त स्वल्पविरामापुढे स्पेस पडली तर ती शब्दाला चिकटून येते आणि दर सापडत नाही.

आता ते शून्य. स्क्रीनशॉटमध्ये 'व्हाइल' लूप पाइपच्या, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेच्या, उजवीकडे आहे. बॅश तो भाग सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालवतो. बेरीज तिथे बरोबर होते आणि लूप संपताच सबशेलबरोबरच जाते. बाहेरचा आकडा होता तसाच. डेटा पाइपऐवजी हिअर-स्ट्रिंगने ('<<<' ने) द्या, रक्कम हातात येईल.

बेरीज चुकते हे मात्र अगदीच खोटं नाही. पोहे 20, जिलबी 30, चहा 10. वरच्या ऑर्डरचे 80 व्हायला हवेत. माझे आले 64. भाच्याने रकाने सरळ दिसावेत म्हणून 020, 030, 010 असे दर टाकले होते, आणि आकड्याच्या सुरुवातीला शून्य दिसलं की बॅश तो अष्टमान धरतो, ज्यात अंक फक्त 0 ते 7 आणि 020 म्हणजे 16. 080 असतं तर निदान एरर तरी आली असती. आकड्याआधी '10#' लावल्यावर 80 आले.

दुसरी गंमत जिरावणची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची. ते फुकट, म्हणून यादीत दर नाही. दुहेरी कंसातल्या बेरजेत नसलेलं नाव शून्य धरलं जातं, तेही बरोबरच. पण आमच्याकडे अर्धे लोक जिलबीला 'जलेबी' लिहितात. तीही फुकट गेली! म्हणून नाव यादीत आहे का, हे आधी तपासायचं.

साडेबारा रुपयांची बेरीज मात्र बॅशला खरंच येत नाही, तो पूर्णांकातच मोजतो. ती मी ऑककडे देतो.