पॉवर बीआयच्या टोटलबद्दल फिरणारा तो मेसेज

"पॉवर बीआयची टोटल खोटी असते. वरच्या ओळींची बेरीज खालच्या आकड्याशी जुळत नाही, म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच बग आहे. एक्सेल असं कधी करत नाही. टोटल बंद करा, टेबल एक्सेलमध्ये काढा आणि सम लावा. दुरुस्ती हवी तर लायसन्स विकत घ्या." हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरत भाच्यापर्यंत आला आणि त्यानं आडतीच्या रिपोर्टची टोटल खरंच बंद करून टाकली. म्हणून हे लिहावं लागतंय. (पॉवर बीआय म्हणजे आकड्यांचे रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर.)

आधी ते "सम लावा". समजा, सोयाबीनच्या रिपोर्टमध्ये दोन बाजार समित्यांच्या दोन ओळी आहेत. लातूर: 900 क्विंटल, सरासरी भाव 4,500. औसा: 100 क्विंटल, भाव 4,000. भावाच्या रकान्याला सम लावला की येतात 8,500. मोंढ्यात दिवाळीच! मग कुणीतरी शहाणा ॲव्हरेज लावतो, 4,250. तेही चूक. रक्कम 44,50,000 भागिले 1,000 क्विंटल म्हणजे 4,450, आणि मेझर, म्हणजे आकडा काढायचं सूत्र, 'रक्कम भागिले क्विंटल' असं लिहिलेलं असेल तर पॉवर बीआय हेच दाखवतं. 4,250 धरून हिशेब केला की 2 लाखांचा घोळ झालाच.

टोटलची ओळ वरच्या आकड्यांकडं बघतच नाही. तिथं समितीचा फिल्टर उठतो आणि तेच मेझर सगळ्या नोंदींवर नव्यानं चालतं. डिस्टिंक्टकाउंटनं (एकच नाव कितीदाही आलं तरी एकदाच मोजणारं फंक्शन) लातूरला 300 शेतकरी आले, औशाला 80, आणि त्यातल्या 30 जणांनी दोन्हीकडं माल घातला, तर टोटल 350च यायला पाहिजे. 380 आली असती तर तो बग.

एक्सेल असं करत नाही म्हणे! एक्सेलच्या पिव्होटमधलं (सारांशाच्या टेबलातलं) कॅल्क्युलेटेड फील्ड, म्हणजे आपण सूत्र लिहून केलेला रकाना, आधी बेरीज करतं, मग त्या बेरजेवर सूत्र लावतं. एकेका नोंदीवर सूत्र लावून बेरीज करत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल मदतपानावर हे उदाहरणासकट लिहिलंय. वाचायचं कुणी?

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य. कधीकधी ओळींची बेरीजच हवी असते. प्रत्येक समितीचं उद्दिष्ट 500 क्विंटल, आणि तूट म्हणजे उद्दिष्ट वजा आवक, शून्याखाली गेली तर शून्य. लातूरची तूट 0, औशाची 400. टोटलला मात्र उद्दिष्ट 1,000, आवक 1,000, तूट 0! इथं टोटल बंद करायची नसते, दुसरं मेझर लिहायचं असतं:

एकूण तूट = समएक्स(व्हॅल्यूज(बाजार[समिती]), [तूट])

व्हॅल्यूज (VALUES) समित्यांची यादी देतं, समएक्स (SUMX) एकेका समितीची तूट काढून बेरीज करतं. टेबलमध्ये [तूट] काढून हे टाका, टोटल 400 येईल. आत तयार मेझरच घाला. तिथं थेट सम वगैरे लिहून कॅल्क्युलेट (सूत्राला त्या-त्या समितीपुरतं बांधणारं फंक्शन) विसरलात तर प्रत्येक समितीला सगळ्या समित्यांची आवक लागते आणि आकडा भलताच येतो. तूट समिती-महिना अशी मोजायची असेल तर नुसती समिती पुरत नाही, व्हॅल्यूजच्या जागी समराइझ (रकान्यांच्या जोड्यांची यादी देणारं फंक्शन) घेऊन त्यात दोन्ही रकाने द्या.

टोटलची जागा कोरीच ठेवायची तर इफमध्ये इझइनस्कोप (ही ओळ समितीची आहे की टोटलची, ते ओळखणारं फंक्शन) वापरा. बरेच जण हॅजवनव्हॅल्यू लावतात, ते फक्त एकच समिती उरलीय का एवढंच बघतं. स्लायसरनं (रिपोर्टवरच्या निवडीच्या चौकटीनं) एकच समिती निवडली की ते टोटलच्या ओळीलाही 'हो' म्हणतं आणि लपवलेला आकडा पुन्हा दिसतो.

राहिलं लायसन्स. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे आणि वरचं सगळं त्यातच चालतं.