‘जपून’ म्हणजे अविश्वास नव्हे

दर काही महिन्यांनी तिकडच्या, म्हणजे भारतातल्या, चर्चेत तेच वाक्य उगवतं: आजच्या तरुणांचा कशावरच विश्वास उरलेला नाही. पुराव्याला एक आलेख असतो, त्यात भारताचा बुटका खांब आणि शेजारी नॉर्वेचा उंच. मग ‘संस्कार कमी पडले’पासून ‘व्यवस्थाच सडली’पर्यंत ज्याला जे हवं ते त्यातून निघतं. नॉर्वेत बसून हे ऐकताना चिडायला होतं, कारण हा खांब नेमका कशाचा, हे कुणीच विचारत नाही.

बहुधा तो एकाच प्रश्नाचा असतो. जागतिक मूल्य सर्वेक्षण विचारतं: बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की माणसांशी वागताना फार जपून राहावं लागतं? पर्याय दोनच. आता मराठीत ‘जपून’ बघा. घरातून निघणाऱ्याला आपण ‘जपून जा’ म्हणतो, ते काय जगाला चोर ठरवून? सावध माणूस इतरांवर विश्वास ठेवणाराही असू शकतो, पण त्याची नोंद अविश्वासात होते. युरोपीय सामाजिक सर्वेक्षण २००२ पासून हाच प्रश्न ० ते १० च्या पट्टीवर विचारतं, जोडीला लोक न्यायाने वागतात का आणि मदतीला येतात का हेही. या दोन मोजमापांचे खांब शेजारी उभे करणं म्हणजे किलो आणि मीटरची बेरीज.

‘बहुतेक माणसं’ म्हणजे कोण, हा त्याहून अवघड भाग. डेल्हाय, न्यूटन आणि वेल्झेल या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की या शब्दांत कोण कोण येतं, याचं वर्तुळ देशागणिक बदलतं. चीनमध्ये ते ओळखीच्यांपाशीच बरंचसं संपतं. म्हणून शेजारी, प्रथमच भेटलेला, दुसऱ्या धर्माचा अशा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं पाहावीत. ती आलेखात सहसा नसतात.

आता ‘तरुण’. हजार जणांच्या पाहणीत १८ ते २५ वयाचे समजा दीडशे. पन्नास टक्क्यांच्या आसपासचं उत्तर तिथे आठ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं. निवड गावागावांतून गठ्ठ्याने झाली असेल तर दहाने. पाहणीच्या दोन फेऱ्यांतला फरक काढायचा तर चौदाने. तरी मथळा येतो, ‘विश्वास पाच टक्क्यांनी घसरला’.

लोकनीती-सीएसडीएस या भारतीय संशोधन संस्थेच्या निवडणूक अभ्यासांत नावं मतदारयादीतून निवडली जातात. पद्धत चांगली आहे, पण नुकतीच अठरा पूर्ण केलेली कितीतरी मुलं यादीत नसतात, आणि शिक्षणासाठी शहरात गेलेल्यांची नावं गावातच राहतात. पाहणी करणारा दारात येतो, मुलगा घरी नसतो. जो भेटतो तो गावातच राहिलेला, आणि उत्तर देताना शेजारी वडील उभे. पोलिसांबद्दल तो काय बोलणार? इथे नॉर्वेत नावं लोकसंख्या नोंदवहीतून निघतात, स्थलांतर केलेल्याचा नवा पत्ता तिच्यात असतो. उंच खांबामागे हेही एक कारण असू शकतं, हे इकडचे लोकही सोयीस्कर विसरतात.

विश्लेषण करणाऱ्यांच्या चुका वेगळ्याच. युरोपीय सर्वेक्षणाच्या माहितीत ७७, ८८ आणि ९९ हे नकार, ‘माहीत नाही’ आणि निरुत्तर यांचे संकेत. ते रिक्त न करता सरासरी काढली की विश्वास आभाळाला भिडतो. भारांक, म्हणजे कमी-जास्त निवडल्या गेलेल्या गटांचं वजन सारखं करणारे आकडे, न लावणं नित्याचंच. शिवाय सैन्य, न्यायालय, पोलीस आणि राजकीय पक्ष यांची एकच सरासरी काढून तिला ‘राजकीय विश्वास’ म्हणायचं! भारतीय पाहण्यांत सैन्य सर्वात वर, पक्ष तळाशी. त्या सरासरीत दोघंही हरवतात. सरकारवरचा विश्वास तर आपला पक्ष जिंकला की चढतो, हरला की उतरतो.

वय, पिढी (जन्मवर्ष) आणि काळ (पाहणीचं वर्ष) या तिघांतली दोन कळली की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे ‘ही पिढीच तशी’ हे एका पाहणीतून सिद्ध होत नाही. आजचा पंचविशीतला संशय पस्तिशीत राहतो का, हे पाहायला निदान चार-पाच फेऱ्या लागतात.

राहिला आमचा मुद्दा, कारण हे खांब तिकडच्यांच्या तोंडावर फेकण्याची हौस आम्हा परदेशस्थांनाच जास्त. युरोपीय पाहणीची प्रश्नावली निदान पाच टक्के लोकांची पहिली भाषा असलेल्या भाषांत करावी लागते, त्याहून लहान भाषांची सक्ती नाही. नॉर्वेजियन न जमणाऱ्या परक्याचं नाव निघालं तरी मुलाखत अडू शकते. म्हणजे ज्या खांबाचा आम्ही गर्व करतो त्यात आम्ही फारसे नाहीच. तिकडच्या यादीत नाव आहे, पण घरी कुणी नाही. आणि मुलाखत झालीच, तर ‘बहुतेक माणसं’ म्हणताना डोळ्यांसमोर कुठली माणसं आली, तिकडची की इकडची, हे लिहायला ० ते १० मध्ये जागा नाही.