मासे आजच आणा, वाट कसली बघता!

नवी फिशटँक घेतलीत? अभिनंदन. आता वेळ दवडू नका. दुकानातून निघतानाच एका काखेत टाकी आणि दुसऱ्या हातात माशांची पिशवी हवी. टाकी आधी महिनाभर माशांशिवाय चालवायची, तिच्यात जिवाणू वाढू द्यायचे आणि मग मासे आणायचे, असं कुणी सांगायला लागला तर तो रिकामटेकडा आहे असं खुशाल समजा.

सोसायटीतला तो रिकामटेकडा मीच. म्हणून तर गेल्या गुरुवारी रात्री साडेअकराला आमची बेल वाजली आणि दारात खालच्या मजल्यावरचे शेजारी स्टीलचा डबा घेऊन उभे. डब्यात चार मेलेले गोल्डफिश. "दादा, यांना काय झालं बघा ना."

काय झालं ते सांगतोच. पण आधी तुमचं बघू. तुम्हालाही आठवड्याच्या आत इथपर्यंत पोचायचं असेल, तर मार्ग सोपा आहे.

टाकी लहान घ्या, मासे भरपूर घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी 56 लिटरच पाणी मावतं. खडी आणि तो तोंड उघडणारा प्लास्टिकचा खजिना घातला की पन्नासच्या आत येतं. त्यात नऊ गोल्डफिश सोडा. नऊच का, तर आठ सोनेरी आणि एक काळा, वास्तूला चांगले. गोल्डफिश नीट जगला तर वीतभर वाढतो, पण आपल्याकडे तो तेवढा थांबणार नाही, तेव्हा ती चिंता नको.

पाणी थेट नळाचं घाला. क्लोरीन असलं म्हणून काय झालं, आपण पितोच की. (आपल्याला कल्ले नसतात, हा भाग वेगळा.)

पाणी तपासायच्या टेस्ट किटवर पैसे घालवू नका, तेवढ्यात आणखी चार मासे येतात.

दोन-तीन दिवसांत पाणी दुधी होईल. नव्या टाकीत ते होतंच आणि हात लावला नाही तर आपोआप निवळतं. पण तुम्ही घाबरून सगळं पाणी उपसा, खडी घासा, गच्चीत उन्हात वाळवा. जे काही तिथं रुजायला लागलं असेल ते एकदाचं संपलं पाहिजे.

फिल्टर रात्री बंद करा. घरघरतो.

मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागले की ते भुकेले आहेत असं समजून मूठभर दाणे टाका. तरीही तसेच राहिले तर निळं औषध ओता. पाणी निळं झालं की आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि उरलेसुरले जिवाणू असतील तर तेही आटोपतात.

आणि कुणी मायेनं त्याच्या जुन्या टाकीतला स्पंज दिला, तर तो आधी स्वच्छ धुऊन घ्या.

इथं जरा थांबतो, कारण तो स्पंज माझा होता.

मासा पाण्यात नुसता श्वास घेत राहिला तरी कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो. अमोनिया विष. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते. नायट्राइटही विषच, ते रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही आणि मासा भरल्या पाण्यात गुदमरतो. मग दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते. ते मात्र माशाला बऱ्यापैकी सोसतं, थोडं पाणवनस्पती खातात, बाकीचं आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की जातं. ही दोन्ही जातींची मंडळी पाण्यात तरंगत नसतात, ती स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. आणि वाढतात अगदी सावकाश. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होत असतील, यांना दिवसाच्या आसपास वेळ लागतो. म्हणून शून्यातून सुरुवात केली की चार ते सहा आठवडे जातात, आणि म्हणून चालत्या टाकीतल्या स्पंजला एवढी किंमत. ते विरजण आहे. तपकिरी, बुळबुळीत, मातीचा वास येणारं, तीन वर्षांचं विरजण.

ते मी शेजाऱ्यांना दिलं. डब्यात माझ्याच टाकीचं पाणी घालून, स्पंज बुडेल एवढं, जिन्यावरून हिंदकळू न देता स्वतः नेऊन दिलं. म्हटलं, पिळू नका, धुऊ नका, वाळू देऊ नका, तडक फिल्टरमध्ये बसवा. "हो हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यात भेटल्या. "अहो, किती घाण होता तो स्पंज! भांड्याच्या साबणानं तीनदा धुतला, मग गरम पाण्यात उकळला, तेव्हा कुठे पिवळा दिसायला लागला." वर माझ्याकडे असं बघितलं की यांच्या घरी स्वच्छता म्हणून काही आहे की नाही. वहिनी, विरजण उकळून दुधात घालणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती! त्या घरात दही लागतं, रोज लागतं, उत्तम लागतं, आणि तरी!

गुरुवारी रात्री ज्या डब्यातून ते मासे माझ्या दारात आले ना, तो डबाही माझाच.

रात्री बारा वाजता त्यांच्या पाण्यात किटचे थेंब टाकले. जे पाणी पिवळं राहायला हवं ते गर्द हिरवं झालं. लिटरमागे 4 मिलिग्रॅम अमोनिया. नायट्राइट शून्य, म्हणजे पहिलीही जात तिथं वस्तीला आली नव्हती. त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी, पीएच 8. पीएच 7 चा 8 झाला की अमोनियातला जहाल भाग जवळजवळ दहापट होतो. हे सगळं मी सांगत होतो आणि शेजारी मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "आमची आई म्हणते, घरावर काहीतरी संकट येणार होतं, ते माशांनी आपल्यावर घेतलं."

नाही हो! कसलं संकट? त्या घरावर कसलंही संकट येणार नव्हतं. संकट माशांवर आलं होतं, तेही तुमच्या रूपानं. चार दिवस ते जीव आपल्याच मुतात पोहत होते, कल्ले लाल होऊन वर येऊन आ वासत होते, आणि तुम्ही मुलाच्या वाढदिवसाचे फोटो काढत होता. मेल्यावर त्यांना हुतात्मा करून मोकळे. म्हणजे पुन्हा नवे आणायला तोंड मोकळं.

बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना देता की नाही? तेवढाच टाकीला द्या. क्लोरीन काढलेलं पाणी भरा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. चालत असेल तर एक कोळंबी टाकून कुजू द्या, नसेल चालत तर साध्या अमोनियाची बाटली मिळते, फक्त त्यात वास नि साबण नको. पोराच्या हातात टेस्ट किट द्या, त्याला रोजचे रंग वहीत लिहू दे, माशांहून जास्त मजा येईल त्याला. 2 मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया चढवलात आणि चोवीस तासांत अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की दोन मासे आणा. दोन. नऊ नाही.

काल लिफ्टमध्ये कळलं, रविवारी पुन्हा जाताय म्हणे, या खेपेला अकरा आणणार. जाऊ नका. स्पंज दुसरा देईन, आहे माझ्याकडे. पण या वेळी तो तुमच्या फिल्टरमध्ये मी माझ्या हातानं बसवणार, आणि वहिनींना सांगून ठेवा, त्याला हात लावायचा नाही.