जुनी चॅलेंजर ‘आहे तशी’ काढा म्हणणाऱ्यांना

गाड्यांच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. वर १९७० सालच्या नारिंगी डॉज चॅलेंजरचा फोटो, खाली मोठ्ठा परिच्छेद. मथितार्थ असा: डॉजने ही गाडी आहे तशी पुन्हा बनवावी. साचे कंपनीकडे पडलेलेच आहेत, आत आजचं इंजिन टाकायचं आणि पंचवीस हजार डॉलरला विकायची. २००८ साली एकदा केलंच होतं, तेव्हा लोकांच्या उड्या पडल्या. सुरक्षेचे नियम हे नुसतं निमित्त. खरं म्हणजे सरकारने आणि पर्यावरणवाल्यांनी ही गाडी १९७४ला मारली आणि २०२३ला पुन्हा मारली.

गाडी मलाही आवडते. अमेरिकन मसल कारमध्ये चॅलेंजरइतकी देखणी गाडी कमीच. पण मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि जिथे अर्धं खरं आहे तिथेच जास्त घोळ आहे.

‘साचे पडलेलेच आहेत’

हे चटकन आटपू. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, बंद पडलेल्या मॉडेलच्या डायचं, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यांचं, काय होतं. दाराच्या एका बाहेरच्या पत्र्यालाच ड्रॉ, ट्रिम, फ्लँज असे तीन-चार टप्प्यांचे डाय लागतात आणि एकेकाचं वजन टनांत असतं. सुटे भाग पुरवायची गरज संपली की ते भंगारात जातात, कारण जागा अडते आणि लोखंडाला भाव मिळतो. २००६च्या डेट्रॉइट ऑटो शोसाठी चॅलेंजरची कॉन्सेप्ट गाडी (नुसती दाखवण्यापुरती नमुना गाडी) तयार होत होती, तेव्हा डिझायनरांनी बघायला म्हणून १९७०ची एक खरीखुरी गाडी स्टुडिओत आणून उभी केली होती. पुढे जी गाडी विकली गेली, तिचा एकही पत्रा जुन्या साच्यातून निघालेला नाही.

बरं, नव्याने साचे पाडून जुनी बॉडी बनवणं अशक्य आहे का? नाही. अमेरिकेत डायनाकॉर्न नावाची कंपनी १९६९च्या शेवरोले कॅमारोची आणि साठच्या दशकातल्या फोर्ड मस्टँगची (दोन्ही चॅलेंजरच्या प्रतिस्पर्धी) अख्खी बॉडी नव्या पत्र्यात, मूळ कंपन्यांच्या परवान्याने बनवते. पण हाती येतो तो सांगाडा. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, वायरिंग, काचा, सीट हे सगळं घेणाऱ्याने जमवायचं. ते जमेपर्यंत बिल शोरूममधल्या नव्या गाडीच्या वर सहज जातं.

‘नियम हे निमित्त’

इथे जरा थांबू. १९७०ची चॅलेंजर हार्डटॉप होती. बाजूच्या पुढच्या आणि मागच्या काचा खाली केल्या की विंडशील्डच्या खांबापासून थेट मागच्या खांबापर्यंत सगळं मोकळं, मधे काही नाही. त्या गाडीचा निम्मा रुबाब त्या मोकळ्या जागेत आहे. २००६ची कॉन्सेप्टही तशीच बिनखांबाची होती. मात्र २००८ला विक्रीला आलेल्या गाडीजवळ उभं राहून पाहिलं तर मधला खांब दिसतो: काळा, काचेच्या आड दडवलेला, लांबून लक्षात येऊ नये म्हणून. बाजूची मागची काच कायमची बंद.

खांब हौसेने घातलेला नाही. गाडी उलटली तर छप्पर त्याच्यावर तोललं जातं, बाजूने धडक बसली तर दार त्याला टेकतं, आणि पुढच्या सीटचा बेल्ट वरती त्यालाच अडकवता येतो. अमेरिकेतल्या जुन्या नियमानुसार छपराने गाडीच्या वजनाच्या दीडपट भार सोसायचा होता. २००९मध्ये नियम सुधारला आणि बहुतेक गाड्यांसाठी तो टप्प्याटप्प्याने तिप्पट झाला. बिनखांबाची कूपे (दोन दारांची गाडी) कायद्याने बंद नाही, मर्सिडीजने पुढेही तशा गाड्या विकल्या. पण त्यांच्या किमती पाहा आणि मग पंचवीस हजार डॉलरचं स्वप्न पाहा.

बाकीचं थोडक्यात. १९७०च्या साध्या चॅलेंजरला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजून घ्यावे लागत. मागे कमानपाटे. एअरबॅगचा प्रश्नच नव्हता. आज अमेरिकेत पुढच्या दोन्ही एअरबॅग, घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा (२०१२च्या मॉडेलांपासून) आणि मागचा कॅमेरा (मे २०१८पासून) नसेल तर नवी मोटार विकताच येत नाही. एअरबॅग जुन्या डॅशबोर्डात नुसती कोंबून चालत नाही. पुढचा भाग किती मिलिसेकंदांत किती चेपतो, यावर ती कधी फुगायची ते ठरतं. म्हणजे पुढची चॅसी नव्याने आखायची, आणि ती बदलली की बॉनेटची उंची, विंडशील्डचा उतार, सगळंच हलतं. ‘आहे तशी’ तिथेच संपते.

आता मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसलेली गोष्ट. जुन्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती नवी म्हणून विकायला अमेरिकन कायदा परवानगी देतो! २०१५ साली तिथल्या संसदेने तशी तरतूद केली. किमान २५ वर्षं जुन्या मॉडेलसारखी दिसणारी गाडी छोटा उत्पादक बनवू शकतो आणि धडकेच्या बऱ्याच नियमांतून तिला सूट मिळते. इंजिन मात्र धुराच्या आजच्या नियमांत पास झालेलं हवं. मर्यादा किती? एका उत्पादकाला अमेरिकेत वर्षाला ३२५ गाड्या. शिवाय जगभरात मिळून वर्षाला पाच हजारांहून जास्त गाड्या बनवणाऱ्याला ही सूट नाही, म्हणजे डॉज स्वतः त्यात बसतच नाही. कायदा २०१५चा, पण तो प्रत्यक्ष राबवण्याची नियमावली यायला २०२२ उजाडलं. दिरंगाईबद्दल सरकारला शिव्या घालायच्या असतील तर इथे घाला, मी सोबत आहे. पण ३२५ गाड्यांवर साच्यांचा खर्च वाटला तर एका गाडीच्या वाट्याला काय येईल याचा हिशेब बारावी नापासही करेल.

‘२००८ला केलंच होतं की’

नव्हतं केलं. २००८ची चॅलेंजर ही जुन्या गाडीची नवी आवृत्ती नाही. ती क्रायस्लर ३०० आणि डॉज चार्जर या चार दारांच्या सेडानची धाकटी बहीण आहे. त्यांच्याच प्लॅटफॉर्मचा (खालच्या मूळ सांगाड्याचा) व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, चार इंचांनी कमी करून, कॅनडात ऑन्टारियोतल्या ब्रॅम्प्टनच्या त्याच कारखान्यात ती बनायची. तो प्लॅटफॉर्म बनला त्या काळी डॉजची मालक क्रायस्लर ही मर्सिडीजवाल्या डायम्लरच्या संसारात होती, म्हणून त्याच्या मागच्या सस्पेन्शनची मांडणी मर्सिडीज ई-क्लासवरून आली आणि सुरुवातीचा पाच स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मर्सिडीजच्याच घराण्यातला. ‘अस्सल अमेरिकन’ म्हणून जिचे स्टिकर लावले जातात ती गाडी कॅनडात बनलेली आणि आतून बरीचशी जर्मन वळणाची होती. मला यात काही वावगं वाटत नाही. वाटतं ते हे लपवून पोस्ट लिहिण्यात.

सेडानचा सांगाडा असल्यामुळे नवी गाडी जुनीपेक्षा साधारण सहा इंच उंच झाली. रुंदी जवळपास तेवढीच. उंच आणि जाड बाजूंच्या गाडीला जुनी १४-१५ इंची चाकं घातली असती तर ती खेळण्यासारखी दिसली असती, म्हणून एसआरटी ८ या सर्वांत ताकदवान आवृत्तीला २० इंची चाकं आली. वजन पावणेदोन टनांच्या वर गेलं. जुन्या आणि नव्या गाडीचे फोटो शेजारी ठेवा. आधी वाटतं तीच गाडी आहे, मग एकेक करून कळतं की त्यात जुनं काहीच नाही. ग्रिलची खोल खाच, मागच्या चाकावरचा पत्र्याचा उभार, चार गोल दिवे, एवढ्यावर डिझायनरांनी काम भागवलं आणि ते फार सुंदर भागवलं.

आता त्या ‘उड्या’. २००८मध्ये फक्त महागडी एसआरटी ८ निघाली. पेट्रोल जास्त पिण्याबद्दलचा खास कर धरून किंमत चाळीस हजार डॉलरच्या घरात, आणि अमेरिकेसाठी जेमतेम साडेसहा हजार गाड्या. त्यांच्यावर उड्या पडल्या हे खरं. पण तेवढ्यावर कारखाना चालत नाही. पुढच्याच वर्षी २५० हॉर्सपॉवरची साधी व्ही ६ (सहा सिलिंडरची) आली, बावीस हजारांच्या आसपास, आणि गल्ला भरायला अशीच गाडी लागते. नंतर चारही चाकांना ताकद देणारी व्ही ६सुद्धा निघाली, बर्फाळ राज्यांतल्या गिऱ्हाइकांसाठी. विक्रीचा कळस आला तो दहा वर्षांनी: २०१८ साली अमेरिकेत ६६ हजारांहून जास्त चॅलेंजर खपल्या, त्या वर्षीच्या कॅमारोहून जास्त. २०२१ला तिने मस्टँगलाही मागे टाकलं. कारण विचाराल तर मागच्या सीटवर माणसं खरोखर बसू शकत होती आणि डिकीत सामान मावत होतं. जुन्या भक्तांनी ज्या आकाराला नावं ठेवली, त्याच आकाराने गाडी विकली.

‘जीटीओ पडली, कारण ती जुन्यासारखी दिसत नव्हती’

मजकुराखालच्या प्रतिक्रियांत हा मुद्दा हमखास येतो. २००४ची पाँटियाक जीटीओ म्हणजे ऑस्ट्रेलियाची होल्डन मोनारो, फक्त स्टिअरिंग डावीकडे. ३५० हॉर्सपॉवरचा व्ही ८, पुढच्या वर्षी ४०० हॉर्सपॉवर. चालवायला उत्तम, दिसायला ऑफिसला जायची गाडी. अमेरिकन धडक-नियमांसाठी पेट्रोलची टाकी हलवून डिकीच्या जागेत आणावी लागली आणि डिकी निम्मी झाली. तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास विकल्या आणि खेळ खलास. रूपाने घात केला हे मान्य.

पण रूपच सगळं असतं तर २००२ची फोर्ड थंडरबर्ड तरली असती. तिचं रूप पन्नासच्या दशकातल्या मूळ गाडीवरून इतकं मन लावून उचललेलं होतं की पहिल्या वर्षी लोकांनी जादा पैसे देऊन घेतली. चौथ्या वर्षी विक्री दहा हजारांच्या आत आणि २००५ला गाडी बंद. दोनच सीट, एकच इंजिन, किंमत पस्तीस हजारांच्या पुढे, स्वस्त आवृत्ती नाही. आठवणींवर गाडी घेणारे पहिल्या वर्षी घेऊन मोकळे होतात. त्याच २००५ला मस्टँग जुन्या वळणावर नव्याने आली, तिची व्ही ६ वीस हजारांच्या आत मिळत होती, आणि पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या वर विकली गेली.

‘तशी ताकद आता कुठे’

हेमी म्हणजे क्रायस्लरचं नावाजलेलं व्ही ८ इंजिन. १९७०च्या ४२६ घनइंची हेमीचा आकडा ४२५ हॉर्सपॉवर. २००८च्या ६.१ लिटर हेमीचाही ४२५. एक आकडा, पण मोजमाप वेगळं. १९७१पर्यंत अमेरिकेत इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर यांचं ओझं न लावता मोजायचे. नंतर सगळं जोडून मोजायला लागले आणि ब्रोशरमधले आकडे धाडकन उतरले. म्हणजे चाकांपर्यंत पोहोचणारी ताकद नव्या गाडीतच जास्त. २०१५ची चॅलेंजर हेलकॅट तर ७०७ हॉर्सपॉवरची. आणि त्या काळी जो तो हेमीच उडवत होता असंही नाही. १९७०मध्ये हेमी इंजिनाच्या चॅलेंजर निघाल्या साडेतीनशेच्या आसपास. बाकीच्या बऱ्याचशा गाड्यांत मवाळ व्ही ८, नाहीतर चक्क सहा सिलिंडरचं इंजिन होतं.

‘सरकारने दोनदा मारली’

१९७०मध्ये चॅलेंजर पाऊण लाखाहून जास्त खपली. पुढच्या वर्षी तीस हजारांच्या आत. अरब देशांचा तेलबंदीचा निर्णय ऑक्टोबर १९७३चा, म्हणजे गाडी त्याआधी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. विमा कंपन्यांनी ताकदवान गाडी चालवणाऱ्या पंचविशीच्या आतल्या पोरांचे हप्ते असे चढवले की गाडी परवडली तरी विमा परवडेना. शिवाय डॉज या बाजारात पोहोचली तीच उशिरा, मस्टँगनंतर पाच वर्षांहून जास्त काळाने. धुराच्या नियमांचाही हात होता, नाही कशाला म्हणू. पण एकट्या सरकारवर खून लावता येत नाही.

२०२३चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि इथे मजकूरवाल्याच्या बाजूने थोडं बोलता येतं. सरासरी मायलेजचं उद्दिष्ट चुकल्याबद्दल डॉजची तेव्हाची मालक कंपनी फियाट क्रायस्लरने एकट्या २०१६च्या मॉडेलांसाठी सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलर दंड भरला. अशा कंपनीला हेमी ओझं वाटणारच. पण ज्या प्लॅटफॉर्मवर गाडी उभी होती तो २००४पासूनचा, आणि त्यावरच्या सेडानही त्याच वर्षी थांबल्या. सेडान गेल्यावर फक्त चॅलेंजरसाठी अख्खा कारखाना कोण चालवणार? तिच्यानंतर आलेल्या नव्या चार्जरचा प्लॅटफॉर्म जीप वॅगोनिअर एसलाही वापरलाय. आधी ती विजेवर आणली, विक्री रखडली, मग तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन घातलं, वरच्या आवृत्तीत ५५० हॉर्सपॉवरचं. दोन दारांचीही मिळते, चार दारांचीही.