‘क्लॅम्प लावा आणि बूस्ट वाढवा’ : टर्बो गाड्यांविषयीच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे यंत्र) बसवलेल्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मालकांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश हातोहात फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : बूस्ट कंट्रोलर लावून बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) हवा तेवढा वाढवा, त्यामुळे इसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन तोडू लागला, तर प्रेशर सेन्सरच्या वायरवर क्लॅम्प बसवा, म्हणजे वाढलेला बूस्ट त्याला दिसणारच नाही, इंजेक्टर बदलू नका, रेग्युलेटर आवळून इंधनाचा दाब वाढवा, रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असलेले) मिश्रण म्हणजे पेट्रोलची नासाडी, म्हणून हवा-पेट्रोलचे प्रमाण 14.7 च्या जवळ आणा. इग्निशन जमेल तितके ॲडव्हान्स करा, म्हणजे ठिणगी आधी पाडा, नॉक (मिश्रण आपसूक पेटण्याचे ठोके) ऐकणारा सेन्सर सांभाळून घेतो. आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरले की सगळे सुरक्षित. माझ्या भाच्याने हा संदेश मला पाठवला आणि सोबत फक्त एवढेच विचारले, ‘मामा, क्लॅम्प कोणता घेऊ?’ बाकीचे सगळे त्याने खरे मानूनच घेतले होते. त्याच्यासारखे आणखी कितीजण असतील या विचाराने हे उत्तर लिहीत आहे.

क्लॅम्पपासूनच सुरुवात करतो, कारण या संदेशातील सर्वांत घातक सल्ला तोच आहे. प्रेशर सेन्सर मॅनिफोल्डमधील (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधील) दाब व्होल्टेजच्या रूपात इसीयूला कळवतो. तो दाब, आरपीएम आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान यांवरून इसीयू दोन गोष्टी ठरवतो : इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी किती अंश आधी ठिणगी टाकायची. क्लॅम्प हे व्होल्टेज एका मर्यादेवर अडवून धरतो. दाब त्यापुढे कितीही वाढला तरी इसीयूला तोच जुना आकडा दिसत राहतो. समजा, क्लॅम्प 0.8 बार (1 बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) बूस्टवर लावला आहे आणि प्रत्यक्षात बूस्ट 1.2 बारपर्यंत गेला आहे. वातावरणाचा दाब धरून इसीयूला 1.8 बार दिसतात आणि इंजिनात 2.2 बार असतात, म्हणजे हवा सुमारे 22 टक्के जास्त जाते. इंधन मात्र 1.8 बारच्याच हिशेबाने पडते. कारखान्याच्या तक्त्यात त्या ठिकाणी लॅम्डा (मिश्रणाचे प्रमाण भागिले 14.7) 0.80 ठेवलेला असेल, तर तो 0.98 च्या आसपास पोहोचतो. पेट्रोलच्या भाषेत 11.8 चे मिश्रण 14.4 होते. वाढलेल्या दाबाबरोबर हवा तापते, त्यामुळे हा आकडा थोडा खाली येईल, पण धोक्याच्या बाहेर नक्कीच येणार नाही.

याच्याही पुढची गोष्ट संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली दिसत नाही. इग्निशनचा तक्तादेखील त्याच दाबावरून वाचला जातो. दाब जितका जास्त, तितकी ठिणगी उशिरा पडावी लागते, आणि क्लॅम्पमुळे इसीयू 2.2 बारच्या ओळीऐवजी 1.8 बारच्या ओळीतले ॲडव्हान्स देतो. म्हणजे ज्या क्षणी सिलिंडरमध्ये सर्वाधिक हवा कोंबलेली आहे, नेमक्या त्याच क्षणी मिश्रण लीन (पेट्रोल कमी असलेले) होते आणि ठिणगीही लवकर पडते. इंजिन फोडायचे असे कोणी ठरवून बसले, तरी याहून नेमका उपाय त्याला सुचणार नाही. प्रेशर सेन्सरऐवजी आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर असलेल्या गाड्यांत मीटरचा सिग्नल अडवतात. परिणाम तोच होतो. ‘ऑक्सिजन सेन्सर दुरुस्त करून घेईल’ हा युक्तिवादही टिकत नाही. जुन्या पिढीच्या टर्बो गाड्यांतील नॅरोबँड सेन्सर फक्त लॅम्डा 1 च्या आसपासच नीट बोलतो आणि पूर्ण थ्रॉटलला इसीयू त्याचे ऐकतच नाही. बूस्ट वाढल्यावर इंधन तोडणारी कट ही कारखान्याने मुद्दाम ठेवलेली शेवटची राखण आहे, आणि संदेश ती अडचण म्हणून बाजूला सारायला सांगतो.

आता लीन मिश्रणाविषयी. 14.7 हा आकडा खरा आहे, पण तो कशाचा आहे हे संदेशात सांगितलेले नाही. पेट्रोल आणि हवा दोन्ही पूर्ण जळून काहीही शिल्लक राहू नये, यासाठीचे ते वजनाचे प्रमाण आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालावा म्हणून मंद थ्रॉटलला ते सांभाळले जाते. ताकदीचे शिखर त्याहून रिच बाजूला, लॅम्डा 0.85 ते 0.90 च्या दरम्यान असते. टर्बो इंजिनात बूस्टखाली त्याहूनही थोडे रिच, साधारण 11.5 ते 12.5, ठेवतात, कारण जास्तीचे पेट्रोल बाष्प होताना मिश्रणाची उष्णता शोषून घेते आणि ज्वालेचे तापमान खाली आणते. हे ज्ञान नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून पिस्टन इंजिनाच्या विमानांचे पेट्रोल 100/130 अशा दोन आकड्यांनी ओळखले जात आले आहे. पहिला आकडा लीन मिश्रणातील आणि दुसरा सुपरचार्ज केलेल्या इंजिनातील रिच मिश्रणाचा. एकाच पेट्रोलला दोन आकडे द्यावे लागले, कारण नॉक सोसण्याची ताकद मिश्रणानुसार बदलते हे त्या अभियंत्यांना पुरते ठाऊक होते. उड्डाणाच्या वेळी, सर्वाधिक मॅनिफोल्ड दाबाला, वैमानिक रिच मिश्रण ठेवत आणि दाब उतरल्यावर समतल प्रवासात ते लीन करत. आमचा संदेश याच्या नेमका उलटा सल्ला देतो.

यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. काही गाड्यांचे कारखान्याचे मिश्रण बूस्टखाली 11 च्याही खाली असते. एवढे रिच मिश्रण ताकद खाते, सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि कधीकधी ठिणगी चुकवते. अशा गाडीत ते 11.7 पर्यंत आणले, तर ताकद खरोखर वाढते. पण ते वाइडबँड (रिच-लीन सगळ्या पट्ट्यात मिश्रण मोजणारा) सेन्सर लावून, प्रत्येक आरपीएमला आकडा पाहत करायचे काम आहे, आणि त्यातून 14.7 पर्यंत जाण्याची परवानगी कुठेही मिळत नाही.

नॉक सेन्सर ‘सांभाळून घेतो’ या वाक्याने मात्र मला खरा संताप आला. नॉक म्हणजे काय ते आधी पाहू. ठिणगीपासून निघालेली ज्वाला सिलिंडरभर पसरायला वेळ घेते. तेवढ्यात कडेला उरलेले मिश्रण पिस्टनच्या आणि जळालेल्या वायूच्या दाबाखाली तापत जाते. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच ते आपसूक पेटले, तर एका क्षणात सगळे जळते आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटू लागतात. 86 मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये या लाटांची वारंवारता 6 ते 7 किलोहर्ट्झच्या घरात असते आणि नॉक सेन्सर हाच आवाज ऐकतो. धातूला लगटून असलेला वायूचा पातळ थर एरवी पिस्टनचे रक्षण करतो. या लाटा तो थर ओरबाडून काढतात. जळत्या वायूचे तापमान 2,000 अंश सेल्सिअसच्या वर असते आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे पुढचे सांगावे लागत नाही. अशा इंजिनाचा प्लग काढून पाहिला, तर पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके आणि त्यांत चमकणारे बारीक कण दिसतात. ते चमकणारे कण पिस्टनचे असतात.

सेन्सर हे सगळे ऐकतो, पण घडून गेल्यावर. 6,000 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 50 वेळा पेटतो. नॉक ऐकू आल्यावर इसीयू टायमिंग काही अंश मागे घेतो, आणि किती मागे घ्यायचे यालाही मर्यादा असते. शिवाय त्या सेन्सरची श्रवणमर्यादा कारखान्याच्या मूळ इंजिनासाठी ठरवलेली असते. इंजिनात फोर्ज्ड पिस्टन बसवले की त्यांच्या भोवतीची फट वाढते आणि थंड असताना ते खडखडतात. कडक माउंट (इंजिनाचे आधार) बसवले की गिअरबॉक्सचाही आवाज ब्लॉकमध्ये उतरतो. मग सेन्सर एकतर नसलेला नॉक ऐकतो, किंवा वाढलेल्या गोंगाटात खरा नॉक हरवतो. ट्यूनिंग करणारे लोक ब्लॉकवर वेगळा मायक्रोफोन लावून हेडफोनने का ऐकतात, याचे उत्तर इथे आहे. आणि तापलेल्या प्लगच्या टोकामुळे मिश्रण ठिणगीआधीच पेटत असेल, तर ठिणगी मागे घेऊन काहीच साधत नाही.

‘जमेल तितके ॲडव्हान्स’ हेही तितकेच निराधार आहे. टॉर्क सर्वाधिक मिळवून देणारे सर्वांत कमी ॲडव्हान्स हे प्रत्येक वेगाला आणि भाराला ठरलेले असते; तेव्हा सिलिंडरमधील कमाल दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण 15 अंश पुढे गेल्यावर येतो. त्या शिखरावर टॉर्कची रेषा जवळजवळ सपाट असते, म्हणून एकदोन अंश मागे राहिल्याने डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) फरक जेमतेम दिसतो. पुढे गेल्यास मात्र दाब चढत जातो आणि टॉर्क घटतो. बूस्टखाली तर साध्या पेट्रोलवर नॉक बहुधा या शिखराच्या अलीकडेच गाठतो. इथे एक फसवी गोष्ट नोंदवतो : ॲडव्हान्स वाढवले की एक्झॉस्टचे तापमान उतरते, त्यामुळे फक्त त्या गेजकडे पाहणाऱ्याला सगळे थंड आणि सुरक्षित वाटते, आणि आत दाब वाढत असतो.

इंधनाच्या दाबाचा सल्ला गणितात नापास होतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब 3 बारवरून 4 बार केला, म्हणजे 33 टक्के वाढवला, तर पेट्रोल फक्त 15 टक्के वाढते. त्यातच 1.2 बार बूस्टला मॅनिफोल्डशी जोडलेला रेग्युलेटर पंपाकडून 5.2 बार मागतो, आणि दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. 7,000 आरपीएमला एक पूर्ण चक्र 17 मिलिसेकंदांत संपते. त्यातला 85 टक्क्यांहून अधिक वेळ इंजेक्टर उघडा राहत असेल, तर तो लहान पडत आहे आणि तो बदलण्याला पर्याय नाही.

बूस्ट वाढवल्याने ताकद वाढते, हे कोणी नाकारत नाही. पण गेजवरचा दाब म्हणजे हवेचे वजन नव्हे. 27 अंशांची हवा 70 टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरने (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाने) 1 बार बूस्टपर्यंत दाबली, की ती सुमारे 120 अंशांवर जाते. तोच कंप्रेसर 1.2 बारला रेटताना कार्यक्षमता 60 टक्क्यांवर घसरली, तर हवा 150 अंशांच्या पुढे जाते, टर्बाइनमध्ये (टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या भागात) शिरण्याआधीचा एक्झॉस्टचा दाब वाढतो आणि सिलिंडरमध्ये जळालेला गरम वायू शिल्लक राहतो. लहान टर्बोला त्याच्या कुवतीबाहेर रेटणे म्हणजे बरीचशी उष्णता विकत घेणे होय.

ऑक्टेनविषयी फार लिहिण्याची गरज नाही. आयसो-ऑक्टेनला 100 आणि एन-हेप्टेनला 0 मानून केलेली ती नॉक सोसण्याची मोजपट्टी आहे. ऊर्जेशी तिचा संबंध नाही. इसीयू आधीच नॉकमुळे टायमिंग मागे घेत असेल तरच नुसते पेट्रोल बदलून ताकद परत मिळते. लीन झालेल्या मिश्रणाला आणि चुकीच्या टायमिंगला ऑक्टेन थोडी सवलत देईल, अभय देणार नाही. ऑक्टेनच्या मोहाने कोणी ई85 (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले इंधन) भरणार असेल, तर त्याचे प्रमाण 9.8 च्या आसपास असते आणि ते आकारमानाने 30 ते 40 टक्के जास्त लागते. म्हणजे जुन्या तक्त्यावर इंजिन पुन्हा लीनच चालणार.

भाच्याला मी कळवले ते असे. सुरुवातीला कंट्रोलर काढून फक्त वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगच्या दाबावर गाडी ठेव. आधी 3 बारचा प्रेशर सेन्सर आणि पुरेसे इंजेक्टर बसव, आणि त्यांचे मापन नव्या तक्त्यात भरून घे. एक अंक थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग वापर आणि त्याची फट 0.7 मिलिमीटरच्या आसपास ठेव, कारण दाट हवेत ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. मिश्रण रिच आणि टायमिंग मागे ठेवून डायनोवर सुरुवात कर. आधी वाइडबँड पाहत इंधन बसव, मग एकेक अंशाने टायमिंग वाढव आणि टॉर्क वाढायचा थांबला की तिथूनही थोडे मागे ये. त्यानंतरच कंट्रोलर परत लावून बूस्ट 0.1 बारने वाढव आणि प्रत्येक पायरीला इंधन व टायमिंग पुन्हा तपास. बूस्ट कट काढू नकोस. ठरवलेल्या बूस्टच्या 0.15 ते 0.2 बार वर ती नव्याने लावून घे, म्हणजे वेस्टगेटची नळी निसटली तर इंजिन बंद पडेल, फुटणार नाही.