गुरुजी, हे दार आपल्या लेकरांसाठीही आहे

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

गुप्तवार्ता आणि राष्ट्रीय सुरक्षा धोरणातल्या करिअरवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, हे दिल्लीकरांचं, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचं काम. सोयाबीनच्या भावावर ज्यांच्या घरचं वर्ष ठरतं त्या लेकरांना असलं स्वप्न दाखवणं म्हणजे त्यांची आणखी दोन वर्षं अभ्यासिकेत घालवणं. दुसरा, ही खाती आपल्याच माणसांवर पाळत ठेवतात, तिथे जावंच कशाला.

आधी वर्षं वाया जाण्याचं बोलू. इंटेलिजन्स ब्युरो म्हणजे देशांतर्गत गुप्तवार्ता गोळा करणारं केंद्राचं खातं. त्याच्या एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी) पदाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय १८ ते २७. २०२३ मध्ये ९९५ जागा निघाल्या, २०२५ मध्ये ३,७१७. जागांचा असा भरवसा नाही, म्हणून नुसती याच परीक्षेची वाट बघत कुणी बसू नये. राज्यसेवेचा किंवा स्टाफ सिलेक्शनचा अभ्यास चालूच असतो, त्यात हाही फॉर्म भरावा. आणि 'रॉ' या परदेशी गुप्तवार्ता संस्थेची खास बॅच म्हणून कुणी फी मागत असेल तर सरळ उठून यावं. १९६८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत अधिकारी मुख्यतः आयपीएस आणि इतर केंद्रीय सेवांमधून घेतले जातात. गरिबाच्या लेकराकडून त्या नावावर पैसे उकळणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

आता इंग्रजी. लागतं. एसीआयओच्या दुसऱ्या टप्प्यात निबंध असतो, इंग्रजी उताऱ्याचं आकलन असतं. पण ते लिहिण्याचं इंग्रजी आहे, आणि रोज एक पान लिहिलं की ते येतं. जे क्लास लावून येत नाही ते आपल्याकडे आधीपासून आहे. देगलूरची एक विद्यार्थिनी बायोडेटा दाखवायला आली होती. भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी. घरच्या दुकानात ती गिऱ्हाइकांशी तेलुगूत बोलते, शेजारच्या आपांकडून उर्दू वाचायला शिकलेली. मी विचारलं, या दोन का नाही लिहिल्या? म्हणाली, "ते काय सर, ते तर येतंच." गुरुजी, देगलूर-बिलोलीकडची तेलुगू, उदगीर-उमरग्याची कानडी, नांदेड-परभणीची उर्दू, या खात्यांना नेमकी अशीच माणसं लागतात. ब्युरोच्या सिक्युरिटी असिस्टंट पदाला तर दहावी पास, राज्याचा अधिवास आणि स्थानिक भाषा या मुख्य अटी आहेत.

तिला मी एक काम दिलं. नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ गोदावरीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्याची बातमी मराठी आणि तेलुगू, दोन्ही पेपरांत वाचायची. त्याच्या पाण्याच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला; १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. दरवाजे बंद होतात तेव्हा अलीकडचा शेतकरी काय म्हणतो, पलीकडचा काय म्हणतो, आणि खरोखर माहीत काय आहे, हे एका पानात लिहायचं. माहिती वेगळी, अंदाज वेगळा. विश्लेषकाचं रोजचं काम हेच. पाठलाग आणि वेषांतर सिनेमात.

तुमचा दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. ब्युरोची मुळं १८८७ च्या इंग्रजी अमलात आहेत, आणि त्याचे अधिकार नि मर्यादा ठरवणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारींनी त्यासाठी खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने या संस्थांना सूट दिली आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरताच अपवाद. या गोष्टी कुणी बदलायच्या? कारगिल युद्धानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम हे आयएएस होते, फौजी नव्हते. त्या समितीनंतरच्या फेररचनेतून २००२ मध्ये संरक्षण गुप्तचर संस्था आणि २००४ मध्ये एनटीआरओ ही तांत्रिक गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. म्हणजे वाचून-लिहून, प्रश्न विचारून ही खाती बदलता येतात. आपल्याकडे चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालावर जाते. ते ज्याने लहानपणी पाहिलंय, तो संशय आणि पुरावा यांतला फरक कधी विसरणार नाही. असा माणूस त्या टेबलावर नसेल तर पाळतीचे नियम त्याच्याविना ठरतील, आणि ते त्याच्याच वस्तीवर लागू होतील. तुमचा आक्षेप बरोबर आहे म्हणूनच तिथे आपलं कुणीतरी हवं, असं मी म्हणतो.

धोरणाकडे ओढा असलेल्यांसाठी पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे; राज्यशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र यांतूनही वाट निघते.

तुमच्या ओळखीत पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची लेकरं असतील तर त्यांच्याकडून ते बाभळीचं पान लिहून घ्या. उदगीरकडची असतील तर विषय सीमाभागातल्या कानडी-मराठी शाळांचा द्या. पानं मला पाठवा. एकेक वाचून, दुरुस्त करून परत देईन, फी न घेता.