साडेतीन वर्षांच्या मुलात काय निवडायचं?

पुण्याहून दादाचा फोन आला की हल्ली गाडी शाळेवरच येते. २०२४ मध्ये शिक्षण हक्काच्या, म्हणजे खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांवरून रान उठलं होतं. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जागांतून सूट, असा बदल राज्य सरकारने केला आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. दादाला तो निकाल आजही पटत नाही. "शाळेला मुलं निवडता आली पाहिजेत. तुमच्या लंडनमध्ये निवडतातच ना?"

निवडतात. आम्ही जवळून पाहिलं.

चार ते सात वर्षांच्या मुलांच्या खासगी शाळेला इथे प्री-प्रेप म्हणतात. काही फक्त मुलग्यांच्या असतात. आम्ही पाहिलेल्या शाळेत वर्गात वीसच्या आत मुलं, स्वतःचं मैदान, संगीताला वेगळ्या शिक्षिका. सरकारी शाळेत या वयाच्या वर्गाला ३० मुलांची कायदेशीर मर्यादा. मोह पडला, खोटं कशाला सांगू? जानेवारी २०२५ पासूनचा २० टक्के व्हॅट धरून फी वर्षाला २० हजार पौंडांच्या पुढे जात होती, तरी ओढाताण करून भरली असती.

त्याआधी 'फोर प्लस', म्हणजे प्रवेशासाठी मुलाची पारख. नावात चार असले तरी ती आदल्या हिवाळ्यातच होते. शाळेचं वय इथे १ सप्टेंबरपासून मोजतात आणि आमचा मुलगा ऑगस्टअखेरचा, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहानांपैकी. त्या दिवशी त्याला साडेतीनही पूर्ण नव्हती. दोन महिने आधीपासून आम्ही घरात त्याच्याशी इंग्रजीतच बोलत होतो. रात्रीची गोष्टसुद्धा इंग्रजीत. याची मला आजही लाज वाटते.

सहा-सात मुलांना खेळायला म्हणून आत नेलं. एक मुलगा आईचा हात सोडेना. शिक्षिकेने गुडघ्यांवर बसून, अगदी मायेने दोनदा समजावलं. मग त्याची आई कोट चढवून त्याला घरी घेऊन गेली. कोणी वाईट वागलं नव्हतं. साडेतीन वर्षांचं पोर आईला बिलगलं, एवढंच झालं होतं, आणि त्याची परीक्षा संपली होती.

आमच्या मुलाला जागा मिळाली. आम्ही ती घेतली नाही. १५ जानेवारीच्या मुदतीत सरकारी शाळेचा फॉर्म भरला होताच. १६ एप्रिलला घराजवळची शाळा मिळाली. तिथेही सगळं समान नाही. अंतर मोजून प्रवेश देतात, म्हणून चांगल्या शाळेभोवती घरं महागतात. पण मुलाला किंवा आईबापांना मुलाखतीला बसवायला तिथे बंदी आहे.

आणि दादा, आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमात हेच लिहिलंय, तेही खासगी शाळांसाठीसुद्धा. मुलाची किंवा पालकांची चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. लंडनच्या खासगी शाळांना असा लगाम नाही. आपल्याकडे तो आहे, तर सैल करा कसला म्हणतोस? हा कायदा ६ ते १४ वयाचा आहे, म्हणून मुलाखती नर्सरीच्या दारात सरकल्या. तो खाली, तीन वर्षांपर्यंत आणा, अशी मागणी करायला हवी. धाकटीसाठी शाळा बघायला जाशील तेव्हा तिला आत एकटीला बोलावलं, तर तिला उचल आणि घरी घेऊन ये.